बहुवर्षायू लेट्यूसची मुळं कुजताहेत, उरलेली ३ झाडं वाचवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. इथे गावाबाहेर भाड्याने बागेचे तुकडे मिळतात, तसा एक आमच्याकडे गेली सहा वर्षं आहे. साध्या लेट्यूसने मला दरवर्षी रडवलं. रोप लावावं तर शेंबड्या गोगलगायी एका रात्रीत फस्त करतात. वाचलंच तर जूनमध्ये दिवस लांबले आणि ऊन वाढलं की मधून दांडा वर येतो आणि पानं कडू होतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी शेजारच्या आजींकडून निळ्या फुलांच्या बहुवर्षायू लेट्यूसची ९ रोपं आणली. शास्त्रीय नाव लॅक्टुका पेरेनिस, इथे ब्लाउअर लाटिश म्हणतात.

पहिलं पान तोडलं, देठातून पांढरा चीक आला, आणि मला थेट पाथरी आठवली. आजोळी बार्शीकडे ज्वारी खुरपताना बायका पाथरी ओच्यात टाकत जायच्या. दुपारी बांधावर भाकरी, तेल-मीठ-तिखट आणि सोबत ती कच्चीच. इथल्या या झाडाचीही पानं तशीच जमिनीलगत गोल पसरतात, कडाही तशाच कातरलेल्या. चव कडसर, पण हवीहवीशी वाटणारी. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली आहेत, हे नंतर कळलं. चीक बोटांवर वाळला की तपकिरी डाग पडतो, तोही सारखाच. टोमॅटो-मिरची बाहेर लावायला इथे १५ मे उलटायची वाट बघावी लागते, तोवर ही पानं ताटात आलेलीही असतात. माझा या झाडावर फार जीव आहे.

आता अडचण. पहिल्या हिवाळ्यानंतर नऊच्या नऊ परत फुटली. मे-जूनमध्ये निळी-जांभळी फुलं आली, मग बियांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या उडाल्या. दुसऱ्या हिवाळ्यानंतर सहाच आली. यंदा तीन. न फुटलेल्या एका झाडाजवळ उकरून पाहिलं, तर गाजरासारखं सरळ खाली गेलेलं मूळ वरच्या चार बोटांत उकडलेल्या रताळ्यासारखं मऊ झालेलं, आंबूस वास. खालचा भाग मात्र पांढरा आणि टणक होता.

मला वाटतं, चूक माझीच. मी त्याला पालकासारखं वाढवलं. दर शरद ऋतूत बुंध्याशी कंपोस्टचा जाड थर, उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी. आमची माती चिकण, नदीखोऱ्यातली. हिवाळाभर ओली राहते. आणि हे झाड मुळात चुनखडीच्या कोरड्या, दगडाळ, उन्हाच्या उतारांवरचं. गेल्या महिन्यात श्वेबियन आल्बच्या डोंगरात फिरायला गेलो होतो, तिथे खडकाच्या फटीत ते उगवलेलं पाहिलं. मूठभर मातीसुद्धा नव्हती, आणि झाड माझ्या बागेतल्यापेक्षा तजेलदार!

म्हणून विचारते:

उरलेली तीन झाडं आत्ता हलवावीत का? मूळ एवढं खोल जातं की उपटताना तुटेल, ही भीती आहे. की तिथेच बुंध्याभोवतीचं कंपोस्ट काढून चुनखडीची खडी भरली तर पुरेल?

खालचा टणक भाग मी पुन्हा मातीत पुरून ठेवलाय. त्यातून फूट येते का? कुणी करून पाहिलंय?

पानं किती तोडावीत? मी वसंतात जवळजवळ सगळीच तोडत होते. दरवर्षी पूर्ण तोडल्याने मूळ अशक्त झालं असेल का? आजी म्हणाल्या होत्या की कोवळ्या फुटीवर दहा-बारा दिवस कुंडी पालथी घातली की कडूपणा उतरतो. मी तेही करत आले. आता वाटतं, ऊनही तोडलं आणि पानंही, मग झाडाने जगावं कशावर?

बिया या वर्षी धरणार आहे. शरदात उघड्यावर पेराव्यात, की वसंतात ट्रेमध्ये?

गोगलगायींसाठी लोह फॉस्फेटच्या गोळ्या वापरते आणि संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचते, त्यामुळे तो प्रश्न सध्या आटोक्यात आहे.

ता.क. दोघांनी पाण्याच्या निचऱ्याबद्दल विचारलं. आज वीतभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतलं. पाऊण तास झाला तरी अर्ध्याहून अधिक तसंच. म्हणजे खडी नुसती वर पसरून भागणार नाही, असं दिसतंय. बागेच्या दक्षिण टोकाला दगडी बांध आहे, त्यालगत फूटभर उंच वाफा करून त्यात खडी, वाळू आणि थोडीच माती घालायचा विचार आहे. शनिवारी दगड आणायला जाणार आहोत. त्याआधी कुणी अनुभवाने सांगितलंत, की झाडं तिकडे न्यावीत की नुसत्या बिया पेराव्यात, तर फार उपकार होतील.