जळलेली राईड परत बांधलीय, बाबांना सांगायचं की नाही?

वेंगुर्ला_ते_बोरिवली:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसायचं तर हसा पण उत्तर द्या.

२०१६ च्या मे महिन्यात माझ्या भावाकडे जर्मनीला गेलो होतो, आई-बाबा, मी, नवरा आणि दोन्ही पोरं. तिकडे रुस्ट नावाच्या गावात युरोपा पार्क आहे, खूप मोठं, पूर्ण दिवस पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरलात तरी संपत नाही. बाबा तेव्हा सत्तरीचे, पोर्ट ट्रस्टमधून रिटायर, गुडघे कुरकुरणारे, रोलर कोस्टरकडे एकदा बघितलं आणि "ह्यांका कामधंदो नाय" म्हणून बाकावर बसून राहिले. मग भावाने जबरदस्तीने त्यांना 'पिरातेन इन बटाविया' नावाच्या राईडमध्ये नेलं. अंधारात होडीतून जायचं, दोन्ही बाजूला चाचे, हलणारे पुतळे, जुनं डच गाव, तोफा वगैरे. बाबा बाहेर आले ते वेगळेच. बटाविया म्हणजे आत्ताचं जकार्ता, डच कंपनीचं तिकडचं मुख्य ठाणं, आणि आमच्या वेंगुर्ल्याला याच डचांची वखार होती, त्यामुळे बाबांना एकदम घरचं कार्य असल्यासारखं झालं. तीन वेळा बसले!! तिसऱ्या वेळी तर आम्हाला सोडून एकटेच लाइनमध्ये जाऊन उभे, आणि शेजारच्या जर्मन बाईला मालवणीत वखारीची माहिती देत होते, ती बिचारी मान हलवत होती.

तर ती राईड २०१८ मध्ये आगीत पूर्ण जळाली. भावाने व्हॉट्सॅपवर व्हिडिओ पाठवला, काळाकुट्ट धूर. नेमकी त्याच महिन्यात बाबांची बायपास झाली होती म्हणून आईने तंबी दिली की यातलं अक्षर त्यांच्या कानावर जाता कामा नये. तेव्हा नाही सांगितलं ते नाहीच सांगितलं, मग राहूनच गेलं, मग कोरोना आला, मग इतकी वर्षं लपवल्यावर आता कुठल्या तोंडाने सांगायचं असं झालं.

आता पुढच्या मे मध्ये परत चाललोय. बाबांनी व्हिसाच्या आधीच जाहीर केलंय की बाकी कुठे नेलं नाही तरी चालेल, 'ती होडी' पाहिजे. राईड परत बांधलीय एवढं वाचलंय. कोणी जुनी आणि नवी दोन्ही बघितलीय का? माणसाला कळेल का फरक? आणि सांगू की गप्प बसू?

ऱ्हाइनकाठचा_गिरगावकर:

ताई मी फ्रायबुर्गला असतो, पार्क आमच्यापासून अर्ध्या तासावर, पोरं लहान होती तेव्हा वर्षाचा पास काढलेला, त्यामुळे जुनी किती वेळा बघितली याचा हिशोबच नाही आणि नवी पण तीनचारदा झाली.

आग लागली तो २६ मे २०१८, शनिवार, पार्क गच्च भरलेलं. आम्ही हायवेवर होतो, लांबून धूर बघून वाटलं शेतात काहीतरी पेटलंय. नंतर कळलं की सुरुवात एका गोदामातून झाली आणि तिथून बटावियाची अख्खी बिल्डिंग आणि शेजारच्या स्कँडिनेव्हियन भागातली लाकडी घरं गेली. लोकांना वेळेत बाहेर काढलं, एकाही पाहुण्याला काही झालं नाही, फायर ब्रिगेडच्या काही जणांना किरकोळ लागलं तेवढंच. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी पार्क उघडं! जळलेला भाग बंद करून बाकी सगळं चालू. इकडच्या लोकांना ते फार रडारड करणं जमत नाही. पण बटावियासाठी मात्र लोक रडले हां, १९८७ ची राईड, आपण जिच्यात आजोबांच्या मांडीवर बसलो तिच्यात आता आपली पोरं बसतायत असं झालेलं इथल्या घरांचं. ऑनलाइन सह्यांची मोहीम सुरू झाली की परत बांधा. मालक मॅक कुटुंब, राईड बनवण्याचा कारखाना पण त्यांचाच, ते म्हणाले बांधणार. २८ जुलै २०२० ला उघडली, आम्ही तोंडाला मास्क लावून चाचे बघायला गेलेलो, कोण चाचा आणि कोण पाहुणा कळत नव्हतं.

आता फरक. होडी आहे, अंधार आहे, चाचे आहेत, ते बांबूवालं रेस्टॉरंट पण आहे, जेवता जेवता होड्या बघायच्या. पण गोष्ट नवीन घातलीय, बार्थोलोमियस व्हॅन रॉबेमाँड म्हणून एक माणूस खंजीर शोधत फिरतो वगैरे. पुतळे आता फारच सफाईने हलतात. जुन्यात एखादा चाचा मान वळवायला लागला की करकरत अर्ध्यात थांबायचा आणि आम्ही त्याला नाव ठेवलेलं, तो आता नाही. आणि वास! जुन्यात आत शिरल्या शिरल्या क्लोरीनचं पाणी, जुनं लाकूड, ओलसर कोंदट असं काहीतरी मिळून एक वास यायचा, पावसाळ्यात चाळीच्या जिन्याखाली येतो ना तसा. नवीन बिल्डिंगला तो कुठून येणार, त्याला तीस वर्षं लागतात.

तुमच्या बाबांनी तीन वेळा बघितलीय म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत पकडतील. सांगून टाका.

(स्टेशन रिंग्सहाइम, तिथून पार्कची बस मिळते. गाडी घेऊन गेलात तर पार्किंगपासून चालावं लागतं, गुडघ्यांचा विचार करा.)

लाल_बंब:

मी फायर सेफ्टीच्या कामात आहे, परळला ऑफिस, त्यामुळे मला राईडपेक्षा आगीतच इंटरेस्ट, माफ करा.

अंधाऱ्या राईडची बिल्डिंग म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा. खिडकी नाही. आत प्लायवूड, फायबर, फोम, कापड, रंगाचे थरावर थर, आणि त्यातून फिरणारी वायरिंग. म्हणजे गणपतीचा मखर, फक्त गोदामाएवढा. एकदा धरलं की वाचवायला काही उरत नाही, शेजारचं वाचवायचं. माणसं सगळी सुखरूप बाहेर आली हे त्या जर्मन लोकांचं खरं काम, परत बांधणं नंतरचं.

कारण दरवेळी असं होत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीला एका पार्कातल्या भुताच्या किल्ल्याला ११ मे १९८४ ला आग लागली, आठ पोरं गेली, सगळी टीनएजर. ट्रेलर एकाला एक जोडून केलेला किल्ला, भिंतीला फोम, आत स्प्रिंकलर नाहीत, का तर म्हणे हे तात्पुरतं बांधकाम आहे. वर्षानुवर्षं उभं असलेलं तात्पुरतं! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण आपल्याकडे निम्मी मुंबई तात्पुरती आहे. राजकोटचं तर ताजंच आहे, २५ मे २०२४, गेम झोन, पत्र्याची शेड, वेल्डिंग चालू आणि खाली पोरं खेळतायत, २७ जीव गेले, फायर एनओसीचा पत्ता नाही.

वेल्डिंगवरून आठवलं. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत १ जून २००८ ला किंग काँगची राईड जळली, तिथे कामगार छपराच्या शिंगल्स टॉर्चने तापवत होते. काम संपल्यावर नियमाप्रमाणे तासभर पहारा पण दिला, मग गेले, आणि त्यानंतर पेटलं. म्हणजे नियम पाळून सुद्धा! आम्ही साइटवर 'हॉट वर्क परमिट'चा, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणगी-आगीच्या कामाच्या लेखी परवानगीचा, आग्रह धरला की लोक म्हणतात साहेब कशाला कागद वाढवता. असो.

मूळ प्रश्न. ताई तुमचे बाबा पोर्ट ट्रस्टचे ना? मग ते कसले घाबरतायत आगीला. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा भरलेल्या फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, आमच्या फायर ब्रिगेडची ६६ माणसं गेली, त्यांच्या आठवणीत अजून दर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. डॉकमध्ये नोकरी केलेल्या माणसाने या गोष्टी चहाबरोबर ऐकलेल्या असतात. आणि बायपास होऊन इतकी वर्षं झाली. सांगा बिनधास्त.

चेंबूर_नाका:

लाल बंब यांनी काँगचं काढलंच आहे तर, तो जुना काँग म्हणजे जवळजवळ तीस फुटी यांत्रिक माकड होतं आणि त्याच्या तोंडातून केळ्याचा वास यायचा, मुद्दाम सोडायचे. ट्रॅममधले लोक किंचाळायचे आणि केळ्याचा वास घ्यायचे. जळल्यावर त्यांनी तो परत नाही बांधला, २०१० ला त्याच्या जागी थ्रीडी पडद्यांचा बोगदा केला, चष्मा लावून बघायचा. तांत्रिकदृष्ट्या भारी असेल, पण पडद्याला काय केळ्याचा वास येणार.

आमच्या इथलं बघा. २०१७ च्या सप्टेंबरात आर. के. स्टुडिओत आग लागली, आम्ही गच्चीवरून बघत होतो. स्टेज तर गेलंच, पण राज कपूरच्या सिनेमांचे कपडे, दागिने, सामान, इतक्या वर्षांचं जपलेलं, ते गेलं. भिंती परत बांधता येतात, नर्गिसचा ड्रेस कुठून शिवून आणणार. घरच्यांनी हिशोब केला, परवडेना, २०१९ मध्ये गोदरेजने जागा घेतली. माझी आई अजून रिक्षावाल्याला "आरके स्टुडिओ" सांगते आणि तो बरोबर आणून सोडतो.

सांगा बाबांना. निदान तुमची परत बांधली तरी.

मार्वे_जेट्टी:

परत बांधली म्हणे 😀 आमचं एस्सेल वर्ल्ड तर न जळता गेलं. १९८९ पासून होतं, शाळेची सहल म्हटली की तेच, मार्व्याहून फेरी, फेरीतच अर्धे डबे संपलेले, एकाने तरी खाडीत टोपी घालवलेली. कोरोनानंतर उघडलंच नाही. ना धूर, ना बंब, ना सह्यांची मोहीम, आपल्याला कळलं तेव्हा सगळं झालेलं. ती टीव्हीवरची जाहिरात ज्यांना पाठ आहे त्यांनी उगाच वय लपवू नये.

प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे, फक्त जळफळाट होता तो व्यक्त केला.

सरळ_बोलतो:

सगळे सांगा सांगा म्हणतायत म्हणून मी उलटं बोलतो. सांगू नका. माणूस पंचाहत्तरीच्या पुढे आहे, नऊ-दहा वर्षांपूर्वीची आठवण त्याने मनात घोटून घोटून मूळ राईडपेक्षा मोठी केलेली असणार. होडीत बसवा, अंधार आहे, चाचे आहेत, तोफा आहेत, झालं. फरक दिसला तर म्हणा रंगरंगोटी केलीय. दिवाळीत आपण घराला देतो तसा हात मारलाय म्हणा.

आणि सांगायचंच असेल तर रडका चेहरा करून सांगू नका, किस्सा म्हणून सांगा. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १९०७ मध्ये टिलयू नावाच्या माणसाचं पार्क जळून खाक झालं, त्या पठ्ठ्याने दुसऱ्या दिवशी बोर्ड लावला, जळके अवशेष बघण्याचे दहा सेंट. लोकांनी दिले पण! पुढच्या वर्षी पार्क परत उभं. चार वर्षांनी शेजारचं ड्रीमलँड जळलं, तेही एका राईडमधूनच पेटलं, राईडचं नाव काय तर 'नरकाचं दार'. तिथे डांबराची बादली सांडली आणि सीझन सुरू व्हायच्या आदल्या रात्री सगळं साफ. ते मात्र कोणी परत उभं केलं नाही.

लाल_बंब:

@सरळ_बोलतो डांबर म्हणजे पुन्हा हॉट वर्कच. मी काय म्हणत होतो.

सरळ_बोलतो:

द्या साहेब, परमिट द्या.

वेंगुर्ला_ते_बोरिवली:

सगळ्यांचे खूप आभार, आणि अपडेट देते कारण दोघातिघांनी पर्सनल मेसेज करून विचारलं की काय झालं.

रविवारी सांगितलं. मासे झाल्यावर, सोलकढी हातात असताना, आईला आधी विश्वासात घेऊन. मी अशी सुरुवात केली की बाबा ती जर्मनीतली होडी आहे ना, तिला मध्ये जरा आग लागली होती. बाबांनी वाटी खाली ठेवली, आणि पहिला प्रश्न, "माणसा गेली?" म्हटलं नाही, एकही नाही. मग दुसरा, कुठून लागली. म्हटलं गोदामातून. "गोदामातूनच लागता," एवढं म्हणून परत सोलकढी. लाल बंब दादा तुमचं बरोबर निघालं, मग पाऊण तास फोर्ट स्टिकिन. कापसाच्या गासड्या, दारूगोळा, सोन्याच्या विटा कुठवर उडाल्या, दर १४ एप्रिलला ते सगळे कसे उभे राहायचे. पोरं मोबाइल ठेवून ऐकत होती हे मी पहिल्यांदाच बघितलं.

मग भावाने पाठवलेला तो व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला. मी म्हटलं वाईट वाटलं का, तर म्हणाले, "परत बांधल्यानी मा? मगे? आमची वखार पडान गेली, ती कोण बांधता?" वेंगुर्ल्याची वखार ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, नावाला संरक्षित स्मारक आहे, भिंती उभ्या आहेत आणि आत झाडं. लहानपणी बाबा आम्हाला तिथे न्यायचे आणि इथे जहाजाचा माल उतरायचा म्हणून जागा दाखवायचे, मला तेव्हा फक्त विंचवाची भीती वाटायची.

आईला मात्र ओरडा बसला, इतकी वर्षं लपवल्याबद्दल. ती म्हणाली लपवलं नाही, विसरले.

@ऱ्हाइनकाठचा_गिरगावकर, त्यांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय, होडीत पुढच्या रांगेत बसायला वेगळी लाइन असते का, आणि तो करकरणारा चाचा कुठल्या बाजूला होता. डावीकडे, असं त्यांचं म्हणणं आहे.

ऱ्हाइनकाठचा_गिरगावकर:

वेगळी लाइन नसते, होडीत बसवणाऱ्या मुलीला हसून सांगायचं, ती बसवते. आणि हो, डावीकडेच.