मदत हवी आहे: फ्लेक्सी टायमिंग कुणाला द्यायचं?

नियोजक_७: सोमवारी धोरण सादर करायचंय. वरिष्ठ म्हणतात, फक्त पातळी ४ ला (सगळ्यात कुशल कामगारांना) कामाची वेळ बदलायची सवलत द्या. हेल्पर नाराज. निकष काय लावू? लवकर सांगा.

पाळीप्रमुख: माणसं किती, पाळ्या किती, काम लाइनवरचं की टेबलावरचं? स्किल मॅट्रिक्स (कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता) आहे का?

नियोजक_७: ४२ जण, दोन पाळ्या. पॅकिंग लाइन आणि दुरुस्ती. मॅट्रिक्स १ ते ४ आहे.

पाळीप्रमुख: मग पातळीवरून सवलत ठरवूच नका, बदली माणूस मिळतो का ते बघा. प्रत्येक जागेसाठी पातळी ३ किंवा वरचे, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे, किती हजर लागतात ते लिहा. पाळीत त्या पातळीचे एकूण जितके आहेत त्यांतून ते वजा करा, रजेसाठी आणखी एक वजा करा. उरेल तेवढ्यांनाच एका वेळी वेळ बदलता येईल. यात बहुतेकदा पातळी ४ चा माणूसच अडकतो, कारण त्याचं मशीन दुसऱ्या कुणाला येत नाही. हेल्परच्या जागी बदली माणूस सहज मिळतो.

रेखा_एचआर: अर्धंच बरोबर. पातळी १ ला देखरेख लागते. तो लवकर आला आणि शिकवणारा नसेल तर चुकीचा माल पुढे जातो.

पाळीप्रमुख: मान्य. म्हणून पातळी १ ला वेळ मोकळी न देता पाळीची अदलाबदल द्या. जागा तीच, पातळी तीच किंवा वरची, ४८ तास आधी नोंद, दोन पाळ्यांत किमान ११ तास विश्रांती. आठवड्याचे तासही तपासा, नाहीतर अदलाबदलीतून ओव्हरटाइम निघतो.

हजेरीवाला: पंचिंग मशीनमध्ये १५ मिनिटांचा ग्रेस टाइम टाका, उशिराच्या तक्रारी थांबतील.

रेखा_एचआर: उशिराचा विषयच नाहीये इथे. नियोजक, एक मात्र बघा: हेल्परची वेळ तुम्ही आयत्या वेळी बदलता का? ती लवचिकता कंपनीला मिळते, त्याला नाही. नाराजी तिथलीच असेल. वेळापत्रक दोन आठवडे आधी लावा.

नियोजक_७: हो, आदल्या दिवशी कळवतो. आणि दुरुस्तीत पातळी ३ चे दोघंच, दोघंही सकाळी. दुपारी बिघाड झाला तर घरी फोन करतो.

पाळीप्रमुख: हे आधी सांगायला हवं होतं! तिथे आत्ता सवलत शून्य. एकाला दुपारी हलवा, पातळी २ चे दोघं निवडून दोन्ही पाळ्यांत एकेक त्यांच्या हाताखाली द्या. ते स्वतंत्रपणे काम करायला लागले की हिशेब पुन्हा मांडा. तोवर फोनवर बोलावलं तर ते तास हजेरीत धरा. पातळी २ ला कोण कोण आहेत?