अर्धा बाय पाव पितळी रिड्युसर, गेजच्या मुळातून गळतंय

द्राक्षबाग_दिंडोरी:
नमस्कार मंडळी. ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) एचटीपी पंपाचं, म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपाचं, प्रेशर गेज बंद पडलं म्हणून नवीन आणलं. पंपाला अर्धा इंची आटे आहेत. गेजचं टोक पट्टीने मोजलं तर 13 मिमी भरलं, मी म्हटलं अर्धा इंचच की, म्हणून अर्ध्याचा सॉकेट आणला तर गेज आत नुसतं खुळखुळतंय. दुकानदार म्हणाला हे पाव इंची आहे, रिड्युसर बुश (मोठ्या आट्यात लहान आटे बसवणारा जोड) लागेल. मग अर्धा बाय पाव पितळी बुश आणला. आता बसतं पण हाताने दोन-अडीच फेरे गेलं की अडकतं, टेफलॉन टेप आधी पाच वेढे मारला मग दहा, पाना लावून जोर दिला तरी 20-25 किलो प्रेशरला मुळातून फवारा उडतोच. दुसरा बुश आणला, तेच रडगाणं. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, नंतर डावणी रोगाच्या फवारण्या सुरू झाल्या की प्रेशर दिसल्याशिवाय भागत नाही. बुशचा लॉटच खराब असतो का? एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) घेऊ का?

लेथवाला_अंबड:
दादा, दोन वेगळे बुश एकाच जागी गळले म्हणजे बुशवर संशय घेऊ नका, गेज बघा. आधी मापाचा घोळ सांगतो. पाईपचं माप हे जुन्या पाईपच्या आतल्या भोकावरून पडलेलं नाव आहे, बाहेरून मोजलं की कधीच जुळत नाही. पाव इंची बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे पाईपचे आटे) बाहेरून 13.16 मिमी असतो आणि अर्धा इंची जवळपास 21 मिमी. त्यामुळे पट्टीवर पाव इंच हा अर्धा दिसतो, तुमचं तेच झालं.
आता गळतीचं. आपल्याकडे पाईपलाईनला बीएसपी आटे चालतात, पण बाहेरच्या बनावटीची बरीच गेज अमेरिकन एनपीटी आट्याची येतात. पाव इंचात बीएसपीला इंचाला 19 आटे, एनपीटीला 18, शिवाय आट्याचा कोन बीएसपीचा 55 अंश आणि एनपीटीचा 60. म्हणून सुरुवातीला छान धरतं आणि लगेच जाम होतं, टेप कितीही गुंडाळा. अर्धा आणि पाऊण इंचात तर दोन्हीकडे 14च आटे, तिथे माणूस जास्त फसतो, बऱ्यापैकी आत जातं पण कोन वेगळा म्हणून प्रेशरला गळतं.
गेजच्या चौकोनी भागावर किंवा डायलवर एनपीटी लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर जुन्या गेजचे आटे नव्याच्या आट्यात बसवून उजेडाकडे धरा, दात एकमेकांत पूर्ण बसले नाहीत तर समजा वेगळे आहेत.

पाना_आणि_टेप:
वरच्या भाऊंचं बरोबर आहे. मी प्लंबिंग करतो, एक सांगतो, पितळी बुशमध्ये पाना ताणून जोर देऊ नका. आटे टेपर (निमुळते) असले की मेल (बाहेरून आटे असलेला भाग) आत जाईल तसा फिमेलला (आतून आटे असलेल्या भागाला) बाहेर फाकवतो, पितळेला केसासारखी चीर पडते आणि ती दिसतही नाही. तुमचे दोन्ही बुश आता बाजूलाच ठेवा, ताणलेले आहेत. टेप आट्याच्या तोंडाकडून बघत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, चार-पाच वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. उलटा गुंडाळला तर बसवताना सुटून तुकडे होतात आणि ते तुकडे नोझलमध्ये अडकतात.

निफाडकर_बागायतदार:
एसएसच्या मागे लागू नका, पण जीआयही (जस्त चढवलेलं लोखंड) लावू नका. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारता ना? मोरचूद लोखंडावर तांबं चढवतो आणि लोखंड खातो, विळा बुडवून बोर्डो तपासतो आपण, तोच प्रकार. पितळ तिथे बरं टिकतं. मात्र अमोनियाच्या खताची लाईन असेल तर पितळ नको, ताणात असलेल्या पितळेला अमोनियाने बारीक भेगा जातात.

द्राक्षबाग_दिंडोरी:
बघितलं, गेजच्या चौकोनावर बारीक अक्षरात एनपीटी आहे, चष्मा लावूनच दिसलं. आता बुशमध्ये एनपीटीचा टॅप मारून (आतून नवे आटे पाडून) घेऊ का?

लेथवाला_अंबड:
त्याच बुशमध्ये नको, आटे आधीच खराब झालेत. कोऱ्या पितळी षटकोनी बारमधून नवीन अडॅप्टर करून घ्या, बाहेर अर्धा बीएसपी, आत पाव एनपीटी, कडेला भिंत जाड ठेवायला सांगा. नाहीतर गेज बदलून बीएसपीचं आणा, तेच सोपं. बसवल्यावर आधी साध्या पाण्याने प्रेशर चढवा, औषध नंतर. आणि गळतंय का ते बोट लावून बघू नका, कोरडा पुठ्ठा धरा.