फ्रान्सच्या नद्यांवर काय पाहिलंत, काय खाल्लंत? – अनुभव धागा

गेल्या सप्टेंबरात आईबाबांना घेऊन रोन नदीवर सात रात्रींचा प्रवास केला, ल्यों ते आर्ल. आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना रोज बॅगा भरून नव्या हॉटेलात जाणं आता झेपत नाही. बोटीवर कपडे एकदा कपाटात लावले ते आठव्या दिवशीच काढले. रोज सकाळी पडदा सारला की समोर नवं गाव, आणि बहुतेक ठिकाणी गावाचा बाजार धक्क्यापासून चालत जाण्याइतका जवळ.

आव्हिन्योंचा पोपांचा राजवाडा पाहिला, बावीसपैकी चारच कमानी उरलेला तिथला पूल पाहिला, पण आईच्या मनात राहिलं ते बोलेनचं लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारा दारांचा हौद. रात्री साडेदहाला बोट त्यात शिरली. लॉक १२ मीटर रुंद आणि आमची बोट साडेअकराच्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभरच जागा. खोलीची काच सरकवली तर हाताच्या अंतरावर ओली काळी भिंत. पाणी सोडायला लागले तशी ती भिंत वर वर सरकू लागली, तिच्यावरचं शेवाळ दिव्यात चमकू लागलं. सुमारे २३ मीटर खाली उतरलो. आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अगं, आपल्या विहिरीचा वास येतोय." तिचं माहेर साताऱ्याकडचं, अंगणात पायऱ्यांची विहीर होती. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी ती तिथून हलली नाही.

तुम्ही कोणत्या नदीवर गेलात? कुठलं गाव, कुठला पदार्थ अजून आठवतो? शाकाहारी मंडळींनी कसं निभावलं? काही फसलं असेल तर तेही लिहा, पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

*

मी वेंगुर्ल्याचा. मुलगी पॅरिसला असते, तिने आम्हा दोघांना सेन नदीवर पाठवलं. पॅरिस, व्हर्नों, रूआँ, ओंफ्लर आणि परत.

व्हर्नोंहून जिव्हर्नीला चित्रकार मोनेची बाग पाहिली. १८८३ पासून १९२६ मध्ये जाईपर्यंत मोने तिथे राहिला. ही बाग एप्रिलपासून १ नोव्हेंबरपर्यंतच उघडी असते, तारखा बघूनच तिकीट काढा. बायको कमळांच्या तळ्यापाशी इतकी रमली की बस चुकता चुकता राहिली. रूआँला फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कला १४३१ मध्ये जिथे जाळलं त्याच चौकात आज तिच्या नावाचं चर्च आहे आणि शेजारीच भाजीबाजार. हृदयाच्या आकाराचं नफशातेल चीज मी तिथेच घेतलं.

मला मनापासून लिहायचंय ते ओंफ्लरच्या सेंट कॅथरीन चर्चबद्दल. सगळं लाकडी. पंधराव्या शतकात जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी ते उभारलं, आणि त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. आत जाऊन वर पाहिलं तर छत म्हणजे शेजारी शेजारी उपड्या घातलेल्या दोन होड्या. माझे आजोबा होड्या बांधायचे. फळ्या कशा वाकवल्यात, सांधे कुठे घेतलेत, मान दुखेपर्यंत बघत राहिलो. हात लावून पाहिलेला एक खांब अजून तळव्यात आहे.

दुपारी बंदरावर शिनाणे खाल्ले. काळ्या पातेल्यातच वाढले; त्यात कांदा, लोणी, सायडर (सफरचंदाचं मद्य) आणि वर पार्स्ली. खोबरं नाही, मसाला नाही, आणि तरी रस पावाने पुसून खाल्ला. शिंपला ताजा असला की त्याला फार काही लागत नाही, हे आमच्या आईचं म्हणणं तिथे पटलं. रिकामा शिंपला चिमट्यासारखा धरून दुसऱ्यातलं मांस काढायचं, हे शेजारच्या टेबलावरच्या आजींनी खुणेनेच शिकवलं.

*

शाकाहाराबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही पुण्याच्या चौघी मैत्रिणी, त्यातली एक जैन. बुकिंग करणाऱ्याने "जैन जेवण मिळेल, काळजी नको" असं सांगितलं होतं. बोटीवर पोचलो तर स्वयंपाकघराला काहीच कळवलेलं नव्हतं. पहिल्या दोन रात्री उकडलेल्या भाज्या आणि पास्ता. मैत्रीण काही बोलली नाही, पण तिच्या ताटाकडे बघून आमच्याही घशाखाली घास उतरेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्य आचाऱ्याला भेटले. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, कांदा-लसूण-बटाटा नाही असं कागदावर फ्रेंचमध्ये लिहून नेलं होतं. त्याने कागद वाचला, मला थांबायला सांगितलं आणि आतून वांगी, झुकिनी, टोमॅटो, हिरव्या मसुरीची पिशवी असं एक एक ट्रेवर मांडून "हे? हे?" विचारत गेला. संध्याकाळी वांगी, झुकिनी आणि टोमॅटोच्या चकत्या उभ्या रचून भट्टीत भाजलेला तियाँ आला, वर ऑलिव्ह तेल आणि थाइम. मैत्रिणीने दोनदा घेतला. त्या माणसाचे आभार मानावेत तितके कमीच. मुद्दा एवढाच, की मधल्या माणसावर विसंबू नका, बोटीच्या लोकांना स्वतः आधी लेखी कळवा आणि पहिल्याच दिवशी परत सांगा.

बाकीच्यांसाठी: तिकडे भाज्यांचं सूपही बऱ्याचदा मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यावर करतात, त्यामुळे विचारून घ्या. फ्रान्समधल्या नावाजलेल्या बहुतेक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, काटेकोर पाळणाऱ्यांना हे माहीत असायला हवं. ल्योंमध्ये 'सेर्व्हेल द कान्यू' नावाचा पदार्थ मिळतो. नावाचा अर्थ रेशीम विणकरांचा मेंदू, म्हणून आम्ही आधी घाबरलो. असतं मात्र ताजं मऊ चीज, त्यात चाइव्ह, शॅलट कांदा, मिरपूड. पावाला लावून खायचं, आपल्या चक्क्याच्या जवळचं.

*

मोठी बोट परवडत नसेल त्यांच्यासाठी. मी तुलूझला शिकायला होतो तेव्हा आम्ही पाच जणांनी कॅनाल द्यू मिदीवर एक लहान बोट आठवडाभर भाड्याने घेतली होती. परवाना लागत नाही. मालक अर्धा तास शिकवतो आणि किल्ली हातात देतो. वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर, सायकलवाले आपल्याला मागे टाकून जातात.

हा २४० किलोमीटरचा कालवा १६८१ मध्ये सुरू झाला. तो बांधणारा रिके काही महिने आधीच, १६८० मध्ये वारला, त्याला पहिली बोट जाताना दिसली नाही. लॉक्स अंडाकृती आहेत. एक जण दोर घेऊन काठावर उतरतो. दोर खुंटाला नुसता वळसा घालून धरायचा, गाठ मारायची नाही, कारण पाणी उतरायला लागलं की बांधलेली बोट टांगली जाते. आम्ही पहिल्याच लॉकला गाठ मारली होती, लॉकवाल्या काकू ओरडत धावत आल्या. दुपारी जेवणासाठी लॉक तासभर बंद असतं. मग आम्हीही झाडाखाली बोट लावून पाव, बकरीच्या दुधाचं चीज आणि पीच खायचो. ती चिनाराच्या जातीची जुनी झाडं बुरशीच्या रोगाने हजारोंनी तोडावी लागली आहेत, मधले उघडे पट्टे बघून वाईट वाटतं.

कास्तेलनोदारीला कासुले खाल्लं. पांढरे बीन्स, बदक, डुकराचं सॉसेज, मातीच्या भांड्यात तासन्तास शिजवलेलं. वरचा खरपूस पापुद्रा खरवडायला आम्ही भांडलो.

*

आमचं फसलं. सोन नदीला पूर आला. पाणी वाढलं की पुलाखालची उंची कमी पडते आणि बोट जाऊच शकत नाही. तीन दिवस ल्योंलाच बांधून ठेवली, बाहेरगावं बसने दाखवली. शेजारी दुसरी बोट लावलेली, खिडकीतून नदीऐवजी तिच्या खोल्या दिसायच्या. पैसे भरून असं झाल्यावर चिडचिड झालीच. वसंतात जाणाऱ्यांनी हे गृहीत धरावं.

पण त्यातला एक दिवस मी सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्यूमिएर बंधूंच्या घरी, आता जिथे संग्रहालय आहे तिथे काढला. १८९५ मध्ये त्यांनी ज्या कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले, त्याचा उरलेला भाग तिथेच आहे. मी मुंबईचा, नोकरी काळा घोड्याजवळ झाली. ७ जुलै १८९६ ला याच लोकांची चलचित्रं वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, आणि त्या इमारतीवरून मी तीस वर्षं रोज चालत गेलो. त्या दारासमोर उभा राहिलो तेव्हा डोळे भरून आले.

*

आमची नाशिकजवळ द्राक्षबाग. रोनकाठच्या तें-लेर्मिताजला बोट थांबली तेव्हा सगळे चॉकलेटच्या कारखान्याकडे गेले, मी टेकडी चढलो. ग्रॅनाइटचा उभा उतार, दगडी बांध घालून केलेल्या पट्ट्या, आणि प्रत्येक वेलीला स्वतःचा लाकडी खुंट. आमच्यासारखा तारांचा मांडव नाही. ठिबकच्या नळ्या कुठेच दिसल्या नाहीत. आम्ही एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी करतो, त्यांची छाटणी हिवाळ्यात एकदाच, कारण थंडीत वेल झोपते. तिथल्या बाईंना मी मोबाइलवर आमची बाग दाखवली. वर्षातून दोनदा छाटता हे ऐकून त्यांनी नवऱ्याला हाक मारून बोलावलं. ज्याला आमच्याकडे शिराझ म्हणतात तेच त्यांचं सिरा. मी पीत नाही, पण त्यांनी वेलीवरचे चार मणी तोडून हातावर ठेवले. बारीक, जाड सालीचे, बिया मोठ्या, आणि गोडी अशी की बोटं चिकटली.

*

धागा काढणारी परत आले. सगळं आईला वाचून दाखवलं. ओंफ्लरच्या छताचं दोनदा वाचायला लावलं.

वेंगुर्ल्याच्या काकांसाठी एक: आर्लच्या शनिवारच्या बाजारात कामार्गचा तांबडा तांदूळ मिळतो, रोनच्या मुखाशी पिकतो. आईने दोन किलो आणला. भिजवला नाही तर शिजायला चाळीस मिनिटं लागतात, आणि वास थेट उकड्या तांदळासारखा नाही, जरा भाजलेल्या शेंगदाण्याकडे जाणारा. काल रात्री बाबांना बरं नव्हतं म्हणून तिने त्याची पेज केली, वर मीठ आणि तुपाचा थेंब. डब्यात अजून वाटीभर शिल्लक आहे.