४५६ उमेदवार उभे केले की ईव्हीएम बंद आणि कागद चालू, खरं काय हे?

वडगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी. काल गल्लीतल्या कट्ट्यावर लई वाद झाला. आमचे काका म्हणायलेत की १९९६ च्या लोकसभेला महाराष्ट्र एकीकरण समितीनं सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून उमेदवारांचा ढीग लावला, ४५६ जण उभे होते बेळगावातनं, मतपत्रिका म्हणजे नुसतं चोपडं. आता परत तसं केलं तर मशीनवर ६४ च्या वर नावं बसत नाहीत, मग सरकारला झक मारत कागदावर मतदान घ्यावं लागतंय, असं त्यांचं म्हणणं. माझा दोस्त इंजिनिअरिंगला हाय, तो म्हणतोय असलं काय नसतंय काका, व्हॉट्सअपवरचं आहे ते. दोघंबी ऐकेनात. मला फक्त मशीनचं सांगा, राजकारण नको (येणारच म्हणा ते).

सर्किटवाला
दोघंबी अर्धे बरोबर की. ६४ हा आकडा जुन्या एम२ मशीनचा. एका बॅलट युनिटवर १६ बटणं, आणि अशी चारच युनिटं जोडता यायची. आताच्या एम३ ला २४ युनिटं एकापुढं एक जोडतात, म्हणजे ३८४ बटणं, त्यातलं एक नोटाला जातं, राहिले ३८३ उमेदवार. हे नुसतं कागदावरचं नाही, २०१९ ला तेलंगणात निजामाबादला १८५ उमेदवार होते, बहुतेक शेतकरी, हळदीच्या दरासाठी उभे राहिलेले, तिथं १२-१२ युनिटं मांडून मशीनवरच मतदान घेतलं. त्याच वर्षी आपल्याकडं ५७ होते, ते चार युनिटांत आरामात बसले. त्यामुळं काकांचं ६४ जुनं झालं, पण ४५६ म्हटलं तर एम३ पण हात वर करतंय, कागदच काढावा लागणार.

जुना_मास्तर
मशीनच्या मागं कशाला लागलाय पोरांनो, दार तर त्याच्या आधीच बंद केलंय. ९६ ला लोकसभेची अनामत फक्त ५०० रुपये होती. ४५६ जणांचे मिळून २ लाख २८ हजार, एखाद्या संघटनेला गावोगाव वर्गणी काढून सहज जमण्यासारखे. निवडणूक झाली आणि त्याच वर्षी कायदा बदलला, अनामत १० हजार, आणि अपक्षाला एका सूचकाऐवजी (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) १० सूचक. पुढं ती २५ हजार झाली. एकट्या बेळगावमुळं झालं असं काही मी म्हणणार नाही, त्याच निवडणुकीत नलगोंड्याला ४८० उमेदवार होते, आणि तमिळनाडूत मोडकुरिचीला तर विधानसभेला १०३३! आता ४५६ जणांचा हिशेब करा, १ कोटी १४ लाख. एक षष्ठांश मतं पडली तरच ते परत मिळतात, आणि इतक्या जणांत मतं फुटल्यावर कुणाला पडणार हो? मशीनपेक्षा हे कुलूप भक्कम आहे.

कांग्राळी_एक्सप्रेस
मास्तर बरोबर बोलला, पण मशीन ब्लूटूथवरनं फिरवतात त्याचं काय??? सगळं सेट असतंय मर्दा

सर्किटवाला
ब्लूटूथ कुठनं आणलास गा? त्यात वायरलेसचा पार्टच नसतोय, बॅलट युनिट केबलनं कंट्रोल युनिटला जोडलेलं आणि पॉवर बॅटरीवर. मतदानाच्या आधी एजंटांसमोर किमान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे सराव मतदान होतंय, व्हीव्हीपॅटची (मत कुणाला गेलं ते छापणारं यंत्र) चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसतीय. तुला शंकाच काढायची तर जरा चांगली काढ. एका विधानसभा क्षेत्रात पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात, पाच पुरतात का? सगळ्या मोजा ही मागणी सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला फी भरून ५ टक्के मशीनच्या चिप तपासून घेता येतील असं सांगितलं. माझं मत विचाराल तर पाचच्या जागी जरा जास्त केंद्रं मोजायला काय हरकत नव्हती, एक दिवस उशिरा निकाल लागला म्हणून काय बिघडतंय? लोकांनी विचारलं की लगेच "तुमी अडाणी" म्हणून गप बसवतात, त्यानंच तर हे ब्लूटूथवालं पसरतंय.

निपाणीकर_दादा
तुमच्या ४५६ मध्ये आमाला धरू नका, निपाणी चिकोडीत आणि खानापूर उत्तर कन्नडात. लोकसभेला मराठी मतं अशी तीन मतदारसंघांत वाटलेली. लक्ष वेधायचं तर तिन्हीकडं उमेदवार घालायला पाहिजेत, मग मास्तरांच्या हिशेबाला तीननं गुणा.

वडगावचा_पोरगा
आभारी आहे सगळ्यांचा. म्हणजे कागद काढायला ४५६ पण नकोत, ३८४ पुरतात ना?

जुना_मास्तर
पुरतात. ९६ लाख. आणि ३,८४० सूचकांच्या सह्या, त्यातली एक चुकली की छाननीत अर्ज बाद आणि तुमचे राहिले ३८३, म्हणजे परत मशीनच. दहावीस जास्तीचे भरायला लागतील, ते पैसे वेगळे धरा.