ऑक्सिजन किती ते सगळे विचारतात, साखर किती तेही विचारा

प्रेषक: मंजिरी
दिनांक: १४ मे २०२१, रात्री ११.५०
विषय: दादाची साखर ४१०. कुणी डॉक्टर जागे आहेत का?

नमस्कार मंडळी,

एवढ्या रात्री लिहितेय, माफ करा. माझा मोठा भाऊ कोविडमुळे चार दिवसांपासून नाशिकला ॲडमिट आहे. वय ५२. मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजन चालू आहे, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९२-९३ टक्के. सात वर्षांपासून डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. वजन ९४ किलो, उंची पाच फूट सहा इंच.

रोज फोन करते तो ऑक्सिजन किती, एवढंच विचारायला. आज वहिनी सहज म्हणाली, "शुगर ४१० आली, पण सिस्टर म्हणाल्या स्टेरॉइडने होतं तसं." इन्सुलिनचं नाव काढलं तर दादा नको म्हणतो, एकदा सुई लागली की ती कायमची, असं त्याच्या डोक्यात बसलंय. आज अक्षय तृतीया, त्याच्या तोंडाला चव नाही म्हणून वहिनीने डब्यात आमरस दिला होता. तो मात्र त्याने संपवला.

व्हॉट्सॲपवर फिरतंय की जाड आणि शुगरवाले यातून उठत नाहीत. खरं काय ते सांगा. नुसता धीर द्यायला काही सांगू नका.

मंजिरी

---

प्रेषक: अनघा
दिनांक: १५ मे २०२१, सकाळी ८.४०
विषय: उत्तर: दादाची साखर ४१०

मंजिरी,

इथे इंग्लंडमधल्या रुग्णालयातली रात्रपाळी संपवून आत्ता घरी आले. आधी आज काय करायचं ते सांगते, कारण नाशिकला आता दुपार झाली असेल आणि संध्याकाळच्या राउंडआधी वहिनींना फोन करता येईल.

४१० हा आकडा "होतं तसं" म्हणून सोडून द्यायचा नाही. स्टेरॉइडने साखर वाढते हे खरंच आहे, आणि म्हणूनच ती मोजत राहून खाली आणायची असते. वहिनींना म्हणावं, डॉक्टर आले की शांतपणे दोन गोष्टी विचारा: इन्सुलिन कधी सुरू करताय, आणि दिवसातून किती वेळा शुगर बघताय? आयसीयूत आणि वॉर्डात साधारण १४० ते १८० च्या आसपास साखर ठेवायचा प्रयत्न असतो. फक्त सकाळची उपाशीपोटीची बघून कुणी "नॉर्मल आहे" म्हणालं तर समाधान मानू नका. स्टेरॉइडची साखर दुपारी आणि संध्याकाळी, जेवणानंतर जास्त चढते.

दादांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मागव. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव दिसलं तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. इतक्या आजारपणात ती गोळी थांबवतात, कारण साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. डायबेटिसच्या काही गोळ्यांत हे औषध मिसळलेलं असतं आणि घरच्यांना ठाऊकही नसतं.

इन्सुलिनचं दादांना तूच समजाव, बहिणीचं ऐकतील. आजारात आणि स्टेरॉइडवर असताना शरीराची इन्सुलिनची गरज कितीतरी वाढते, तेवढ्यापुरती ही सुई. स्टेरॉइड थांबलं की गरज उतरते. बहुतेक लोक पुन्हा आपल्या गोळ्यांवर येतात. त्या उतारावर मात्र डोस कमी करायला विसरले तर साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. म्हणून घरी सोडताना इन्सुलिन किती आणि कधी कमी करायचं हे कागदावर लिहून घ्या.

आमरसावरून वहिनींना बोल लावू नकोस. काचेपलीकडे असलेल्या माणसासाठी डबा भरणं एवढंच त्या बाईच्या हातात आहे. सध्या डब्यात मुगाचं घट्ट वरण, अंडं, दही, पनीर असं द्या. शहाळं, ज्यूस, खजूर, गुळाचा काढा हे "ताकदीचं" सगळं काही दिवस बाजूला.

आता खरं काय ते. तू विचारलंस म्हणून सांगते.

वजन आणि मधुमेह, दोन्हींमुळे धोका वाढतो. मागच्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्क भागातल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या ५,७०० जणांचा अभ्यास आला होता. त्यात ४१.७ टक्के लठ्ठ होते आणि ३३.८ टक्क्यांना मधुमेह होता. इथे इंग्लंडमध्ये पहिल्या लाटेत रुग्णालयात कोविडने गेलेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश मधुमेही होते. वय वगैरे हिशेबात धरल्यावरही टाइप २ वाल्यांचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या साधारण दुप्पट निघाला.

पण दुप्पट कशाच्या, ते बघ. सगळ्यात मोठा धोका वयाचा आहे, आणि ५२ व्या वर्षीचा मूळ धोका ८० व्या वर्षीच्या मानाने खूपच कमी असतो. त्याची दुप्पट म्हणजे काळजी घ्यायची गोष्ट, आशा सोडायची नव्हे. फ्रान्समध्ये फक्त मधुमेही रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला, १,३१७ जण, सरासरी वय सत्तरच्या घरात. सात दिवसांत पाचातल्या एकाला व्हेंटिलेटर लागला आणि दहातला एक गेला. हे भयंकर आहे, मी कमी करून सांगत नाही. पण सातव्या दिवशी दहातले नऊ जण होते, तेही दादांपेक्षा अठरा-वीस वर्षांनी मोठे. "यातून उठत नाहीत" हे वाक्य खोटं आहे.

वजनाचं काय होतं ते मी मागच्या एप्रिलमध्ये डोळ्यांनी पाहिलं. माणूस उताणा झोपला की पोटाचा भार छातीच्या पडद्याला वर ढकलतो आणि फुप्फुसाचा खालचा, पाठीकडचा भाग उघडतच नाही. आधीच सुजलेलं फुप्फुस, त्यात तेवढा भाग बंद. आमच्याकडे साठीच्या आतल्या एका टॅक्सी चालवणाऱ्या गृहस्थांना पालथं करायला आम्ही सात जण लागायचो. एक जण फक्त डोकं आणि नळी सांभाळायला. पालथं केल्यावर पाचव्या-दहाव्या मिनिटाला मॉनिटरवरचा आकडा ८६ वरून ९३ वर चढायचा, आणि आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत उभे राहायचो.

दादा शुद्धीवर आहेत, स्वतः वळू शकतात. त्यांच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर दिवसातून काही तास पालथं झोपू दे. पोट मोठं असेल तर एक उशी छातीखाली, एक कमरेखाली, मधे पोट मोकळं. नुसतं पोटावर दाबून झोपवलं तर उपयोग नाही. अगदीच जमलं नाही तर कुशीवर, पण उताणं कमीत कमी.

चरबीचं दुसरंही आहे. पोटातली चरबी गप्प पडून नसते, सूज वाढवणारी द्रव्यं ती सतत रक्तात सोडत असते. कोविडमध्ये तीच सूज भडकते आणि रक्तात गुठळ्या व्हायला लागतात. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. आजाराच्या ताणाने साखर चढते आणि चढलेल्या साखरेने आजार बळावतो.

हे चक्र तोडता येतं, म्हणून तर हे सगळं लिहितेय. चीनच्या हूबेई प्रांतातला एक अभ्यास आहे. टाइप २ मधुमेह असलेले रुग्ण, दाखल असताना ज्यांची साखर ७० ते १८० मध्ये राहिली त्यांच्यातले १.१ टक्के दगावले. ज्यांची त्याहून वर गेली त्यांच्यातले ११ टक्के. सगळं श्रेय साखरेलाच देता येणार नाही, जास्त आजारी माणसाची साखर जास्त चढतेच. तरी हा फरक मोठा आहे. दादांचं वय आज बदलत नाही, वजन आज बदलत नाही. साखर आज बदलता येते.

स्टेरॉइड थांबवा असं मात्र कुणी सांगू नका. इथल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू तिसऱ्या हिश्शाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे पाचव्या हिश्शाने कमी झाले. दादांना ऑक्सिजन लागतोय, त्यांना ते हवंच. रुग्णालयात असूनही ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. तिकडे तर ऑक्सिजन लागत नसताना घरीच स्टेरॉइड सुरू करणं सर्रास चाललंय आणि मला त्याचीच धास्ती वाटते. काळ्या बुरशीच्या बातम्या तुम्ही वाचताच आहात. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले की ती बुरशी फोफावते. एका बाजूचा गाल दुखणं किंवा सुजणं, नाकातून काळपट स्राव, पापणी सुजणं, दोन-दोन दिसणं, अचानक दात हलणं, टाळूवर काळा डाग. यातलं काहीही, घरी आल्यावरसुद्धा, दिसलं की त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

संध्याकाळी फोन कर. मी चारपर्यंत झोपते, पण वाजला तर उचलेन.

अनघा

---

प्रेषक: श्रीकांत
दिनांक: १५ मे २०२१, सकाळी ११.१५
विषय: उत्तर: उत्तर: दादाची साखर ४१०

अनघा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मंजिरी, आम्ही दोघं आहोत, एकटी पडू नकोस.

एक शंका. ४१० वाचून मी हबकलो, कारण माझ्या मीटरवर ८ किंवा ९ येतात. मग मुलाने सांगितलं, भारतातलं एकक वेगळं आहे. इथल्या आकड्याला १८ ने गुणायचं, म्हणजे इथले १० तिकडचे १८०. तिकडे फोन करणाऱ्या सगळ्यांनी हे लिहून ठेवा, आमच्या घरात यावरून गोंधळ झालाय.

दुसरं मनातलं. माझं वय ७४, मधुमेह वीस वर्षं, अंगाने मात्र किडकिडीत. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर चांगली असते. मग मी सुरक्षित का? आणि अजून एक, आजारी माणसापुढे वजनाचं काढू नये असं मला वाटतं. माझ्या धाकट्या मेहुण्याला शेवटच्या दिवसांत सगळे फोनवर हेच म्हणत होते, किती सांगितलं होतं वजन कमी कर. तो मुकाट ऐकायचा.

श्रीकांतकाका

---

प्रेषक: अनघा
दिनांक: १५ मे २०२१, सायंकाळी ४.३०
विषय: उत्तर: उत्तर: दादाची साखर ४१०

काका,

मेहुण्यांचं वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. वजनाचं बोलायचं ते डॉक्टरांशी, उशा कुठे ठेवायच्या आणि औषधाचा डोस किती हे ठरवण्यासाठी. रुग्णाशी नाही.

आता तुमच्या तीन महिन्यांच्या साखरेचं. त्या फ्रेंच अभ्यासात आधीच्या तीन महिन्यांच्या साखरेचा पहिल्या सात दिवसांतल्या निकालाशी संबंध दिसला नाही, वजनाचा दिसला. इंग्लंडच्या मोठ्या आकडेवारीत, जास्त काळ पाहिल्यावर, तीन महिन्यांच्या साखरेचाही दिसला. म्हणून तुमची चांगली साखर वाया गेलेली नाही, ती तशीच राखा. पण ७४ हे वय आहेच, त्यामुळे लशीचे दोन्ही डोस झाले असले तरी मास्क सोडू नका.

किडकिडीत असण्याचं म्हणाल, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इथले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या लोकांचं हे असंच आहे. हातपाय बारीक आणि चरबी पोटात. म्हणून आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध व्हायला सांगतात, २५ ची वाट बघायची नाही. गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या ६९ लाख लोकांचा अभ्यास आला, त्यातही कोविडने रुग्णालयात जाण्याचा धोका २३ च्या पुढे पायरी पायरीने चढत गेलेला दिसतो. आणि तरुणांत तो चढ जास्त उभा आहे, चाळिशीच्या आतल्या मुलांनी हे वाचावं.

इथल्या पहिल्या लाटेत दक्षिण आशियाई रुग्णांपैकी ४० टक्क्यांना मधुमेह होता, गोऱ्या रुग्णांपैकी २५ टक्क्यांना. त्या ४० टक्क्यांत माझ्या वॉर्डातले कितीतरी चेहरे आहेत. नातेवाइकांना आत यायला बंदी होती, मी फोन धरून उभी राहायचे आणि पलीकडून हमखास एकच प्रश्न यायचा, ऑक्सिजन किती आहे. साखर कुणीच विचारली नाही. मीही आपणहून फारशी सांगितली नाही, ते आता मनाला लागतं.

प्रसाद, आपलं मंडळ भारतात कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारी यंत्रं) पाठवतंय ते उत्तम. पण प्रत्येक यंत्राबरोबर एक ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि सुया जाऊ देत. स्टेरॉइड घेऊन घरी परतणारा माणूस कॉन्सन्ट्रेटर लावून बसतो, आणि त्याची साखर किती आहे ते घरात कुणालाच माहीत नसतं.

अनघा

---

प्रेषक: प्रसाद
दिनांक: १५ मे २०२१, सायंकाळी ६.०५
विषय: उत्तर: ग्लुकोमीटर

अनघाताई, कार्यकारिणीतल्या तिघांशी बोललो, सगळ्यांचा होकार आहे. मंगळवारी जाणाऱ्या खोक्यांत टाकतो. इथून घेऊ की तिकडून, ते सांगा.

---

प्रेषक: मंजिरी
दिनांक: १६ मे २०२१, दुपारी १.२०
विषय: उत्तर: दादाची साखर

अनघाताई,

काल संध्याकाळी वहिनीने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरं झालं विचारलंत. रात्रीपासून इन्सुलिन सुरू केलंय. गोळीत डापाग्लिफ्लोझिन होतं, ते बंद केलं. दादाला मी फोनवर म्हटलं, आईची शपथ, स्टेरॉइड संपेपर्यंतच. त्यावर तो काही बोलला नाही, पण हात पुढे केला म्हणे.

वहिनीने पोराच्या जुन्या वहीत रकाने आखलेत. वेळ, ऑक्सिजन, साखर, किती युनिट. काल रात्री ३५२, आज सकाळी २६८, दुपारी २९०. अजून खूप आहे, मला कळतंय. ऑक्सिजन तेवढाच आहे, पण तासभर पालथा झोपला तेव्हा ९५ दाखवत होता. उशी कमरेखाली सरकते म्हणून चादरीची गुंडाळी केली.

मंजिरी

---

प्रेषक: अनघा
दिनांक: १६ मे २०२१, दुपारी २.००
विषय: उत्तर: दादाची साखर

वहिनींना माझा नमस्कार सांग. ती वही डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना दाखवायची, डोस कमी करताना तिचा फार उपयोग होईल. रात्री तीनच्या सुमाराला एकदा तपासायला सांग, या दिवसांत पहाटे साखर उतरू शकते.

प्रसाद, मीटर तिकडूनच घे. इथल्या मीटरवर इथलंच एकक येईल आणि काकांच्या घरी झाला तो गोंधळ तिकडे घरोघरी होईल. पट्ट्याही त्याच मीटरच्या बघून घे, एकाची पट्टी दुसऱ्यात चालत नाही.

अनघा