मागे पाहताना काय वगळले जाते

वडोदऱ्यातील मराठी माणसे मागे वळून पाहताना केवळ गायकवाडी वैभवात रमतात, हा आक्षेप मला अंशतःच मान्य आहे. अमरेली भागात १८९३ मध्ये सुरू झालेले आणि १९०६ मध्ये गायकवाडांच्या बडोदा संस्थानभर लागू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण अभिमानाने आठवण्यात गैर काहीच नाही. मात्र याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी येथे आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात कोणी जागा दिली नाही, कचेरीत अपमान सोसावा लागला आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले गेले, हे आपल्या स्नेहसंमेलनांत मी क्वचितच ऐकले आहे. तेव्हाचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दूरदृष्टी आणि त्यांच्याच कचेरीतील ही वागणूक एकाच काळातील आहे. दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय राजाचा उदार हुकूम समाजाच्या उंबरठ्यावर का अडला, हे समजणार नाही. वाड्यांत राहणाऱ्या आपल्याच पणजोबांनीही आंबेडकरांना खोली दिली नसती, ही शक्यता मला फार बोचते. म्हणून नव्या पिढीला लक्ष्मीविलास राजवाडा दाखवणाऱ्यांनी कमाटी बागेजवळच्या संकल्पभूमीवरही, म्हणजे या अपमानानंतर आंबेडकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला त्या जागीही, तिला न्यावे, आणि तेथे ही हकिकत काहीही न गाळता सांगावी.